आतां सोडून काय उपयोग?

आपल्या समाजांत तरुण मुलानें सिगारेट ओढली तर तें व्यसन ठरतें आणि साठीच्या गृहस्थानें ओढली तर ती त्याची संवय ठरते. मुलाच्या खिशांत पाकीट सांपडलें म्हणजे घरांत आकांत होतो. परंतु त्याच घरांतील आजोबांची आगपेटी कोणत्या फळीवर असते हें सुनेस ठाऊक असतें, आणि संपण्यापूर्वीं दुसरी आणून ठेवण्याची काळजीहि तीच घेते. या दुहेरी मापाच्या मुळाशीं एक वाक्य आहे : "आतां या वयांत सोडून काय उपयोग?" हें वाक्य ओढणारा म्हणतो, त्याचा मुलगा म्हणतो, आणि खेदाची गोष्ट अशी कीं, पुष्कळ डॉक्टरहि तें मनांतल्या मनांत म्हणतात व खोकल्याचें औषध लिहून देऊन मोकळे होतात. ऐकणारास त्यांत वडील मनुष्याविषयीं आदर व सहानुभूति दिसते. माझ्या मतें त्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. ती निव्वळ हिशेबांतील चूक आहे, आणि तिची भरपाई ज्याच्याविषयीं सहानुभूति दाखविली त्याच्याच आयुष्यांतून होत असते.

हा विषय ज्यांस पुस्तकी वाटत असेल त्यांनीं स्वारगेटच्या एस्. टी. स्थानकाबाहेर अर्धा तास उभें राहावें. सातारा, कोल्हापूर, कोंकण इकडे जाणाऱ्या गाड्यांची येथें सारखी वर्दळ असते. स्थानकाच्या आवारांत धूम्रपानास मनाई आहे. सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपान करणारास दोनशें रुपयांपर्यंत दंड करण्याचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू आहेत. म्हणून ओढणारी मंडळी आवाराबाहेरील टपरीपाशीं येतात. त्यांत कॉलेजांतील मुलें असतात हें खरें, व टीका होते ती त्यांच्यावरच. परंतु दवाखान्याच्या किंवा पेन्शनच्या कामासाठीं पुण्यास येऊन परत निघालेले, हातांत कापडी पिशवी असलेले साठीच्या आसपासचे गृहस्थ तेथें किती असतात हें एकदां मोजून पाहावें. एक गाडी चुकली कीं एक सिगारेट, दुसरी लागेपर्यंत आणखी एक. आतां मौज अशी कीं, याच स्थानकांतून सुटणाऱ्या एस्. टी. गाड्यांतून पंचाहत्तर वर्षें पूर्ण झालेल्यांस महाराष्ट्र सरकारनें ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास दिला आहे. पासष्टीनंतर अर्धें तिकीट पडतें. टपरीपाशीं उभ्या असलेल्यांपैकीं कितीजण अर्ध्या तिकिटावरून मोफत प्रवासापर्यंत जाऊन पोहोंचणार, हें पुष्कळसें त्यांच्या स्वतःच्या हातीं आहे. आणि नेमकी हीच गोष्ट त्यांना कोणी सांगत नाहीं.

तर हिशेब पाहूं. इंग्लंडांत रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनीं १९५१ मध्यें त्या देशांतील चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांकडून त्यांच्या धूम्रपानाची माहिती मागविली, आणि त्यानंतर पन्नास वर्षें त्यांपैकीं कोण केव्हां व कशानें निवर्तला याची नोंद ठेवण्यांत आली. प्रयोगाचा विषय डॉक्टरच असल्यामुळें उत्तरांत भाबडेपणा राहण्याचा संभव थोडा. २००४ मध्यें या नोंदींचा जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा कीं, जन्मभर सिगारेट ओढणारा न ओढणारापेक्षां सरासरीनें सुमारें दहा वर्षें आधीं जातो. तिसाव्या वर्षीं सोडणारा तीं दहा वर्षें जवळजवळ सगळीं परत मिळवितो. चाळिसाव्या वर्षीं सोडणारा नऊ, पन्नासाव्या वर्षीं सोडणारा सहा, आणि साठाव्या वर्षीं सोडणारा तीन.

"तीनच ना?" असें यावर कोणी म्हणेल. म्हणणाऱ्यानें आपल्याच घरांतील व्यवहार पाहावा. साठीनंतर आपण मोतीबिंदू काढून घेतों, गुडघे बदलून घेतों, मधुमेहासाठीं चहांतली साखर आणि श्रीखंड सोडतों, रक्तदाबासाठीं लोणचें सोडतों. त्या वेळीं "या वयांत काय उपयोग?" हा प्रश्न कोणाच्याहि ओठीं येत नाहीं. उलट पथ्य न पाळणारा आजोबा घरभर बोलणीं खातो. लोणच्याच्या फोडीला जो न्याय तो सिगारेटीस लावण्यास आपण कां कचरतों हें मला अद्याप उमगलेलें नाहीं. शिवाय तीन हा आकडा सरासरीचा आहे. सोडणारांपैकीं ज्याला मुळांत धूम्रपानामुळें मरण यावयाचेंच नव्हतें त्याला त्यांतलें कांहीं मिळत नाहीं, आणि ज्याला बासष्टाव्या वर्षीं हृदयविकाराचा झटका यावयाचा होता त्याला कदाचित् पंधरा वर्षें मिळतात. आपण कोणत्या वर्गांत आहों हें आधीं कोणास सांगतां येत नाहीं. पैसा असो वा नसो, विमा उतरवितांना हाच विचार प्रत्येकजण शहाणपणानें करतो.

परंतु आंकड्यांनीं या बाबतींत फारसें काम होत नाहीं, कारण आंकड्यांच्या विरुद्ध एक कथा उभी असते. प्रत्येक वाड्यांत आणि आतां प्रत्येक सोसायटींत ती ऐकूं येते : "अमुक तात्यांनीं चाळीस वर्षांची सिगारेट एका दिवसांत सोडली, आणि सहा महिन्यांत गेले! शरीराला संवय झालेली. एकदम तोडली, तें सोसलें नाहीं." कथा बहुधा खरीहि असते. तात्यांनीं सोडली हें खरें, आणि ते गेले हेंहि खरें. चुकतो तो मधला 'म्हणून'. तात्यांनीं सिगारेट कां सोडली असा प्रश्न कथा सांगणारास विचारावा. उत्तर येईल कीं, छातींत दुखूं लागलें होतें, थुंकींत रक्त पडलें होतें, जिना चढतांना धाप लागत होती. म्हणजे रोग आधीं आला, त्यानें भिवविल्यामुळें सिगारेट सुटली, आणि पुढें त्याच रोगानें तात्यांस नेलें. वैद्य आला आणि रोगी मेला, म्हणून वैद्यानें मारिला असें म्हणण्यासारखेंच हें झालें. उतारवयांत सोडणारांत अशा भ्यालेल्यांचा भरणा मोठा असतो. म्हणून संशोधक जेव्हां मोजदाद करतात तेव्हां आधींच रोग जडलेल्यांस निराळें काढून मग उरलेल्यांची तुलना करतात. तशी ती केली म्हणजे कथेचा जीव निघून जातो. दुर्दैव असें कीं, तुलना कोणी वाचीत नाहीं व कथा सर्वांस पाठ असते.

कथेला पूरक अशीं लहानसहान लक्षणेंहि असतात आणि तीं मात्र खरीं आहेत. तीं नाकारण्यांत सुधारकांनीं स्वतःचेंच नुकसान करून घेतलें आहे. सोडल्यावर पहिले कांहीं आठवडे खोकला वाढल्यासारखा वाटतो. श्वासनलिकांच्या आंतील सूक्ष्म केस धुरानें लुळे पडलेले असतात. ते पुन्हां हालूं लागले म्हणजे सांचलेला कफ वर ढकलूं लागतात. घर बरेच दिवस बंद राहून पुन्हां झाडलें तर धूळ उडावयाचीच. दुसरें लक्षण आमच्या पिढीच्या पुरुषांत विशेष प्रसिद्ध आहे, तें म्हणजे सकाळीं विडीवांचून पोट साफ होत नाहीं हें. निकोटीन आंतड्यांस चेतवितें ही गोष्ट खरी. तें बंद झालें कीं कांहीं दिवस अवरोध होतो. यावर आपल्या आजीबाईंच्या बटव्यांत दहा उपाय आहेत, आणि त्यांपैकीं एकानेंहि फुप्फुसाचा कर्करोग होत नाहीं. तिसरें, वजन. पहिल्या वर्षांत तें सरासरीनें चार-पांच किलोनें वाढतें. वाढो. त्या भारानें होणारें नुकसान धूम्रपानाच्या नुकसानीपुढें अगदींच थोडें आहे.

आणि मिळकत काय? येथेंहि अतिशयोक्ति नको. चाळीस वर्षांत जें फुप्फुस झिजलें तें परत येत नाहीं. फ्लेचर व पीटो यांनीं लंडनमधील कामकऱ्यांची वर्षानुवर्षें पाहणी करून १९७७ मध्यें दाखविलें तें एवढेंच कीं, वयोमानानें प्रत्येकाचा दम थोडा थोडा कमी होत असतो, ज्याला धूर बाधतो त्याचा तो फार झपाट्यानें कमी होतो, आणि सोडल्यावर हा झपाटा थांबून गति पुन्हां सामान्य माणसासारखी होते. स्वारगेटहून हांकेच्या अंतरावर पर्वती आहे, तिच्या शंभरावर पायऱ्या आहेत. सोडणारा त्या पायऱ्या पंचविशींतल्याप्रमाणें चढूं लागेल असें सांगणारा थापा मारतो. परंतु आज साठाव्या वर्षीं जो मधल्या टप्प्यावर एकदां बसून देवळापर्यंत जातो, तो सोडल्यास सत्तरीपर्यंत एकदां बसूनच जाईल. न सोडल्यास सत्तरीपूर्वींच त्याला खालूनच हात जोडावे लागतील. हृदयाचा हिशेब तर याहून उदार आहे : धूम्रपानामुळें हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो सोडल्यापासून एका वर्षांत सुमारें निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दहा वर्षांत ओढत राहणाराच्या निम्म्याइतका होतो.

"आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते" हें प्रमाण पुढें येणार हें मी धरूनच चाललों आहें. त्या आजोबांस नमस्कार असो. पण जे आजोबा बावन्नाव्या वर्षीं गेले त्यांचीं नातवंडें चर्चेला येत नाहींत, कारण त्यांनीं आजोबा पाहिलेलेच नसतात. एकाच माणसाच्या उदाहरणावर जर कोणास बोलावयाचें असेल तर महाराष्ट्रांत दुसरें उदाहरण आहे. श्री. शरद पवार यांस २००४ मध्यें, त्रेसष्टाव्या वर्षीं, तोंडाचा कर्करोग झाल्याचें निदान झालें, शस्त्रक्रिया झाली. आपल्या तंबाखू-सुपारीच्या संवयीविषयीं ते तेव्हांपासून जाहीर सभांतून बोलत आले आहेत, आणि २०२४ च्या निवडणुकींत त्र्याऐंशीव्या वर्षीं गांवोगांव फिरत होते. त्यांचें राजकारण कोणास पटो वा न पटो, साठीनंतर कांहीं उपयोग नसतो हें त्यांच्याकडे पाहून म्हणवत नाहीं. अर्थात् त्यांत शस्त्रवैद्यांचाहि वाटा आहे, आणि एका मनुष्यावरून नियम बांधूं नये हें मीच वर म्हटलें आहे. नव्वदीच्या आजोबांची साक्ष मागे घेतली जाईल त्या दिवशीं मीहि ही साक्ष मागे घेईन.

कांहीं विद्वान् परंपरेचा आधार घेतात व चरकसंहितेंतील धूमपानाचा दाखला देतात. चरकानें सांगितलेली धूमवर्ती ही औषधी वनस्पतींची आहे. तंबाखू हा अमेरिकेंतला पाला. तो पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला, आणि अकबराच्या दरबारीं तर विजापुराहून परत गेलेल्या असदबेगानें सतराव्या शतकाच्या आरंभीं नेला. बादशहानें कौतुकानें झुरके घेतले आणि दरबारच्या हकीमानें हरकत घेतली. त्याच सुमारास, १६०४ मध्यें, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स तंबाखूविरुद्ध पुस्तिका छापीत होता. चारशें वर्षांच्या पाहुण्यास कुलदैवत मानण्याचें कारण नाहीं. विडी ही देशी व पानाची म्हणून निरुपद्रवी, हा समजहि असाच. तेंदूच्या पानाची विडी सारखी विझूं पाहते, म्हणून ती जास्त वेळां व जोरानें ओढावी लागते. भारतांतील मृत्यूंच्या ज्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २००८ मध्यें प्रसिद्ध झाला तींत विडी ओढणारे पुरुष सुमारें सहा वर्षें, विडी ओढणाऱ्या स्त्रिया सुमारें आठ वर्षें आणि सिगारेट ओढणारे पुरुष सुमारें दहा वर्षें गमावतात असें आढळलें.

यापेक्षां अधिक फसवी अशी एक तडजोड सुशिक्षित घरांत चालते. "अगदीं सोडूं नका, पण जेवणानंतरची एक ठेवा." डॉक्टर हें सुचवितात, पत्नी त्यावर समाधान मानते, आणि गृहस्थ आपण नियमी झालों म्हणून प्रसन्न असतात. २०१८ मध्यें अनेक पाहण्या एकत्र करून जें दिसून आलें तें असें कीं, दिवसास वीस सिगारेटींनीं हृदयविकाराचा जितका जादा धोका येतो त्याचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या एका सिगारेटीनें येतो. विसाव्या हिश्श्याची अपेक्षा करून निम्मा बोजा घरांत ठेवणें हा सौदा कोणताहि पुणेकर मंडईंत करणार नाहीं.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. कारण "सोडून काय उपयोग" म्हणणारांइतकाच माझा राग "मनाचा निश्चय असला कीं झालें" म्हणणारांवर आहे. हीं मंडळी स्वतः बहुधा कधीं ओढीत नसतात. दिवसास पंधरा सिगारेटी व प्रत्येकीचे दहा झुरके धरले तर वर्षांत पन्नास हजारांवर व तीस वर्षांत सोळा लाखांवर झुरके होतात. प्रत्येक झुरक्याचें निकोटीन कांहीं सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोंचतें आणि दोन तासांत रक्तांतलें त्याचें प्रमाण निम्म्यावर येऊन पुन्हां मागणी सुरू होते. सोळा लाख वेळां घोकलेला धडा एका सुभाषितानें विसरला जाईल ही कल्पना शाळेंत न गेलेल्यासहि पटूं नये. ज्या फ्रॉइडनें मनाच्या तळाचा नकाशा काढला त्याला चुरूट सोडतां आला नाहीं. १९२३ मध्यें त्याच्या तोंडांत कर्करोग निघाला, तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि तरीहि तो १९३९ मध्यें मरेपर्यंत बहुतेक ओढीतच राहिला. मनाच्या निश्चयाविषयीं फ्रॉइडला कांहीं कळत नव्हतें असें आपणांस म्हणावयाचें आहे काय?

निश्चय लागतोच, पण तो एकटा दुबळा असतो. केवळ निश्चयावर सोडणारांपैकीं वर्षअखेर टिकणारे शंभरांत तीन ते पांच. निकोटीनचें च्युइंगगम स्वीडनमध्यें निघालें. पाणबुडींत धूम्रपान अशक्य असतांना खलाशी काय करतात या विचारांतून तें सुचलें, आणि आज तें पुण्याच्या कोणत्याहि मोठ्या औषधांच्या दुकानांत मिळतें. त्याची किंवा तशाच पट्टीची मदत घेतली तर यशाचा संभव सुमारें दीडपट होतो. याहून परिणामकारक गोळ्याहि आहेत. त्या डॉक्टरच्या सल्ल्यानेंच घ्याव्या लागतात. येथें आमच्या वयाच्या पुरुषांचा मानभंग होतो. गुडघ्यासाठीं गोळी घेण्यांत कमीपणा वाटत नाहीं, पण सिगारेट सोडण्यासाठीं गोळी घेणें म्हणजे बायकी दुबळेपणा वाटतो. अशा मानी मनुष्यास एकच प्रश्न विचारावा, जो तज्ज्ञहि विचारतात : सकाळीं डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांत पेटते? पांच मिनिटांच्या आंत पेटत असेल तर निश्चयाच्या गोष्टी बाजूस ठेवून औषधाकडे वळावें.

घरच्या माणसांविषयीं बोलावयाचें तर पहिला उल्लेख पत्नीचा केला पाहिजे, कारण आजवरच्या सगळ्या चर्चेंत तिला कोणी विचारलेलें नाहीं. "त्यांची ही एकच करमणूक उरली आहे, तीहि कां हिरावून घ्यावी?" असें मुलें म्हणतात तेव्हां ती करमणूक ज्या खोलींत चालते त्याच खोलींत आई चाळीस वर्षें श्वास घेत आली आहे याचा त्यांस विसर पडतो. जपानांत हिरायामा यांनीं १९८१ मध्येंच दाखविलें कीं, स्वतः न ओढणाऱ्या पण पति ओढत असलेल्या स्त्रियांस फुप्फुसाचा कर्करोग अधिक प्रमाणांत होतो. आपल्याकडची स्त्री कुरकुर करीत नाहीं. फार तर खिडकी उघडते. मुलांनीं खिसे तपासूं नयेत, नातवाला हेर म्हणून नेमूं नये, एखादी सिगारेट पुन्हां पेटली म्हणून चारचौघांत पाणउतारा करूं नये. बहुतेकांस दोन-चार प्रयत्नांनंतरच यश येतें. परंतु "राहूं द्या हो त्यांना" हें उदार वाक्य मात्र घरांतून बंद करावें. ज्या मनुष्याच्या बाबतींत आपण सुधारणेची अपेक्षाच सोडून दिली, त्याला आपण मनानें आधींच पोंचवून आलों आहों.

राहिलें सरकार. त्याच्या जाहिरातींत आणि शाळांतील प्रतिज्ञांत केवळ तरुण दिसतात. तरुणांस अडविणें अवश्य आहे. परंतु आज शाळकरी मुलानें पहिली सिगारेट नाकारली तर तिचें फळ तीस-चाळीस वर्षांनीं दिसणार. येत्या दहा-पंधरा वर्षांत जे मृत्यु टळण्यासारखे आहेत ते आज पन्नाशी-साठींत असलेल्यांचे आहेत, आणि त्यांच्यासाठीं भिंतीवर एक ओळहि नाहीं. जी ओळ आहे ती पाकिटावर आहे. १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या शेंकडा पंच्याऐंशी भागावर चित्रासह इशारा छापला जातो, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून सोडूं इच्छिणारास विनामूल्य सल्ला देणाऱ्या सरकारी दूरध्वनीचा क्रमांकहि त्यावर असतो. योजना चांगली आहे. पण स्वारगेटच्या टपरीवर गाडीची वाट पाहणारा गृहस्थ पाकीट घेतच नाहीं, एक सुटी सिगारेट घेतो. चित्र, इशारा आणि क्रमांक टपरीवाल्यापाशींच राहतात. महाराष्ट्र सरकारनें सप्टेंबर २०२० मध्यें सिगारेट व विडी सुटी विकण्यास बंदी केली ती याच कारणासाठीं. ती बंदी टपरीच्या फळीपर्यंत अद्याप उतरलेली नाहीं. तोंवर स्थानकाच्या फलाटावर, गाड्यांच्या वेळापत्रकाशेजारीं, तोच क्रमांक मोठ्या अक्षरांत लावण्यास काय अडचण आहे? वेळापत्रक तरी ही मंडळी वाचतातच.